पडद्यावरची पहिली मोहिनी

बडोद्याच्या जुन्या मराठी घरांत बालगंधर्वांचा विषय निघाला म्हणजे बैठक अजूनही रंगते. त्यांना ऐन भरात रंगभूमीवर पाहिलेले कोणी आता उरलेले नाही; तरी आजीने सांगितलेले, आणि तिला तिच्या आईने सांगितलेले, असे काही ना काही प्रत्येकाच्या पदरी असतेच. नऊवारी कशी नेसत, पदर कसा सावरीत, केसांत फूल कोठे माळीत, हे आपण एखाद्या घरच्या वडीलधाऱ्या बाईविषयी बोलावे तसे बोलतो. त्यांच्या गंधर्व नाटक मंडळीस श्रीमंत सयाजीराव महाराजांचा आश्रय लाभला होता, याचाही आपणांस रास्त अभिमान आहे. ही मंडळी स्थापन झाली १९१३ साली.

त्याच वर्षाच्या अखेरीस नाशिकास सुमारे तेरा वर्षांची एक मुलगी मोहिनीचे रूप घेऊन कॅमेऱ्यापुढे उभी राहिली. तिचे नाव कमला. पुढे ती कमलाबाई गोखले म्हणून ओळखली गेली. हे नाव आज आपल्यापैकी किती घरांत निघते? आम्ही गेल्या काही दिवसांत चारचौघांना सहज विचारून पाहिले. बालगंधर्वांविषयी तासभर बोलणारी माणसे या नावापाशी येऊन थबकली. म्हणून आजचा हा लेख.

मुळापासून सांगावयाचे तर गोष्ट आपल्या गावाजवळूनच निघते. १८९० साली प्रो. त्रिभुवनदास गज्जर यांच्या पुढाकाराने आणि महाराजांच्या आश्रयाने बडोद्यास कलाभवन सुरू झाले. तेथे चित्रकला व छायाचित्रणाचे धडे घेणाऱ्यांत धुंडिराज गोविंद फाळके हे एक होते. याच दादासाहेब फाळक्यांनी १९१३ च्या मे महिन्यात मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरात ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढे आणला. पैसा उभा राहिला, यंत्रसामग्री विलायतेहून आली, हरिश्चंद्र मिळाला, रोहिदासाचे काम घरच्या मुलानेच केले; अडले ते तारामतीपाशी. दादासाहेबांनी जाहिराती दिल्या, ज्या वस्तीत सभ्य गृहस्थ दिवसाढवळ्या जात नसत तेथेही ते विचारणा करून आले. कोणीही बाई तयार होईना. अखेर ग्रँट रोडवरील एका खानावळीत काम करणाऱ्या अण्णा साळुंके नावाच्या नाजूक बांध्याच्या तरुणास त्यांनी लुगडे नेसवले. हिंदी चित्रपटसृष्टीची पहिली नायिका ही अशी स्वयंपाकघरातून आली, आणि ती पुरुष होती.

दुसऱ्या चित्रपटाच्या वेळी मात्र दादासाहेबांना दोन स्त्रिया लाभल्या, आणि त्या मायलेकी होत्या. दुर्गाबाई कामत पतीपासून विभक्त झाल्या होत्या. लहानग्या मुलीस घेऊन त्यांनी नाटकाचा मार्ग पत्करला आणि त्यापायी समाजाने दूर लोटणेही सोसले. चित्ताकर्षक नाटक मंडळीत दोघी कामे करीत. कमलेने चार-पाच वर्षांची असतानाच रंगभूमीवर पाऊल ठेवले होते. ‘मोहिनी भस्मासुर’ या चित्रपटात आई पार्वती झाली आणि लेक मोहिनी.

या कथेत एक गंमत आहे. ज्याच्या मस्तकावर हात ठेवावा तो भस्म होईल, असा वर मिळालेला असुर उन्मत्त होतो. विष्णू मोहिनीचे रूप घेऊन त्याला नाचावयास लावतात, आणि नाचता नाचता तो स्वतःच्याच डोक्यावर हात ठेवून भस्म होतो. म्हणजे मोहिनी ही मुळात स्त्रीरूप घेतलेला पुरुष. नाटकवाल्यांना ही भूमिका एखाद्या मिसरूड न फुटलेल्या मुलाकडून करून घेणे अगदी सोपे होते. तसे करण्यास खुद्द कथेचाच आधार होता. आणि नेमक्या याच भूमिकेत पडद्यावर पहिल्यांदा एक खरीखुरी मुलगी उभी राहिली! मूकपटांचे ते दिवस. नाटकात शेवटच्या रांगेपर्यंत पोचवावयाचा आवाज येथे निरुपयोगी, समोर टाळी देणारा प्रेक्षक नाही. उन्हाच्या उजेडात चित्रण चाललेले आणि हाताने फिरविलेल्या दांड्याच्या तालावर फीत पुढे सरकणारी. त्या पोरीने ते काम केले. ती फीत आज उपलब्ध नाही. तिने मोहिनी कशी वठवली, हे आता कोणासच पाहता येणार नाही.

येथे वाचकांस असे वाटेल की, एकदा दार उघडले म्हणजे मागाहून येणाऱ्यांची वाट मोकळी झाली. तसे घडले नाही. १९१७ साली दादासाहेबांनी ‘लंकादहन’ काढला. त्यात राम झाले अण्णा साळुंके आणि सीताही झाले अण्णा साळुंकेच. चार वर्षांपूर्वी एका मुलीने ओलांडलेला उंबरठा पुन्हा पुरुषाने लुगडे नेसूनच ओलांडावयाचा होता. याचा दोष दादासाहेबांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. त्यांनी पुढे ‘कालियामर्दन’मध्ये आपली लहान मुलगी मंदाकिनी हिला कृष्ण केले, आणि त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई यांनी घरचे दागिने मोडण्यापासून फिती धुण्यापर्यंत सारे कष्ट उपसले. अडचण चित्रशाळेत नव्हती; ती प्रेक्षकांच्या घरांत होती.

त्या घरांचा शब्द होता ‘घरंदाज’. १९३२ साली कोल्हापूरच्या प्रभात कंपनीने ‘अयोध्येचा राजा’ हा बोलपट काढला. त्यात तारामतीचे काम दुर्गा खोटे यांनी केले. ज्या तारामतीसाठी १९१३ मध्ये खानावळीतला तरुण शोधावा लागला, ती एकोणीस वर्षांनी एका नामांकित सॉलिसिटरची महाविद्यालयात शिकलेली कन्या झाली. दुर्गाबाई खोटे यांचे धैर्य थोर होते आणि त्यांची पुढची कारकीर्दही थोर आहे. १९८३ सालचा फाळके पुरस्कार त्यांना मिळाला तो सर्वस्वी उचितच. परंतु ‘चित्रपटात आलेली पहिली घरंदाज स्त्री’ अशी त्यांची ओळख आपण पिढ्यान्‌पिढ्या करून देत आलो, त्यात एक अन्याय दडलेला आहे. दुर्गाबाई कामत काय बेघर होत्या? पदरच्या मुलीला घेऊन स्वतःच्या कष्टाची भाकर खाणारी बाई घरंदाज नव्हे, असे कोणी ठरविले? ज्या क्षणी ती रंगभूमीवर पाऊल टाकी, त्या क्षणी तिचे घर आपण हिशेबातून पुसून टाकीत होतो. मग एकोणीस वर्षांनी कोणी ‘पहिली’ ठरावी, यात नवल ते काय!

कमलाबाईंचे पुढचे आयुष्य पाहिले म्हणजे हा शब्द अधिकच बोचतो. रघुनाथराव गोखले या नटाशी त्यांचा विवाह झाला. ऐन तारुण्यात वैधव्य आले. पदरी तीन मुलगे. अशा वेळी त्या काळच्या स्त्रीने काय करावे याचे नियम ठरलेले होते. कमलाबाईंनी ते मानले नाहीत. त्या रंगभूमीवर काम करीत राहिल्या, आणि त्यांनी पुरुषांच्या भूमिकाही केल्या. बोलपट आल्यावर त्या पुन्हा पडद्यावर आल्या. त्यांच्या चित्रपटांची संख्या सुमारे पस्तीस भरते. त्यांतला ‘गहराई’ हा १९८० सालचा. एकीकडे मोहिनीची मूक फीत आणि दुसरीकडे रंगीत बोलपट, एवढा पल्ला एका बाईने पायी चालून गाठला. मुलांपैकी लालजी आणि सूर्यकांत हे तबलावादक झाले. चंद्रकांत गोखले यांना मराठी प्रेक्षक विसरणे शक्य नाही, आणि त्यांचे चिरंजीव विक्रम गोखले यांच्या २०२२ मधील निधनाची हळहळ तर अजून ताजी आहे. एका कुळात चार पिढ्या कलेचा दिवा तेवत राहावा, याहून घरंदाजपणाची वेगळी व्याख्या आम्हांस तरी सुचत नाही.

कमलाबाई वयाची नव्वदी ओलांडून गेल्या. सुदैवाने रीना मोहन यांनी त्यांच्यावर एक माहितीपट केला. १९९२ च्या सुमारास तो लोकांपुढे आला. थकलेल्या देहाची, पण ताठ मानेची ती म्हातारी त्यामुळे निदान आपल्यासाठी उरली. हे काम एका स्त्रीनेच करावे, हेही लक्षात ठेवण्यासारखे आहे.

काळच तसा होता, असे कोणी म्हणेल. आम्हांस ते पुरते पटत नाही. त्याच काळात, १९०६ साली, याच राज्याने मुलामुलींस सक्तीचे प्राथमिक शिक्षण सर्वत्र लागू केले. मुलीने शाळेत जावे हे महाराजांच्या हुकुमाने आपण मानले. मुलीने गावे, नाचावे, रंगभूमीवर उभे राहावे हे मात्र हुकुमाने होण्यासारखे नव्हते. ते घरच्या माणसांनी मानावयाचे होते. आपले आजे-पणजे नाटकास पुढच्या रांगेत बसत, पदे तोंडपाठ करीत, आणि घरी येऊन गळ्यात सूर असलेल्या मुलीला देवघरापुढे हळू म्हणावयास सांगत. हे आम्ही दुसऱ्यांवर बोट दाखवून लिहीत नाही. आमच्याही घरात अशी एक आत्याबाई होती. तिचा आवाज गोड होता एवढेच आज सांगितले जाते. तो कसा होता हे सांगणारे कोणी नाही.

तेव्हा आमची वाचकांस विनंती थोडकीच आहे. पुढच्या वेळी बैठकीत बालगंधर्वांचा विषय निघेल, तो अवश्य निघो. पण त्याच १९१३ सालच्या त्या मुलीचे आणि तिच्या आईचे नावही निघो. आणि आपापल्या घरातील ज्या बाईचा गळा, ज्या बाईची नक्कल, ज्या बाईचे नाचरे पाऊल माजघराबाहेर आले नाही, तिच्याविषयी ठाऊक असलेले कोणी वडीलधारे अजून हयात असतील, तर त्यांना आजच विचारून ते एका वहीत उतरवून ठेवा. मोहिनीची फीत गेली ती गेली. घरातली आठवण हाताशी आहे तोवर तरी हातची जाऊ देऊ नये.