हेगच्या न्यायपीठावर कोण बसणार, हे कोण ठरवते?

वसमतच्या कोर्टात अट्रॉसिटीचा खटला उभा राहिला की वस्तीत पहिला प्रश्न निघतो, ‘जज कोण आहे?’ हा प्रश्न भाबडा नाही. नरसंहार आणि युद्धगुन्ह्यांचे खटले चालवणाऱ्या हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाबद्दलही आपण तोच विचारला पाहिजे.

तिथे १८ न्यायाधीश असतात. मुदत ९ वर्षांची. दर ३ वर्षांनी ६ जण नव्याने निवडले जातात. सदस्य राष्ट्रे उमेदवार देतात, गुप्त मतदान होते, दोन तृतीयांश मते लागतात. जगातील सर्व प्रदेश, वेगवेगळ्या न्यायपद्धती आणि स्त्री-पुरुष दोघांनाही योग्य प्रतिनिधित्व मिळावे, हे रोम कराराच्या कलम ३६ मध्येच लिहिलेले आहे.

भारत मात्र या निवडणुकीत कुठेच नाही. १९९८ साली रोममध्ये मतदानाच्या वेळी भारत तटस्थ राहिला. सुरक्षा परिषदेला दिलेल्या अधिकारांवर त्याचा आक्षेप होता आणि तो पोकळ नव्हता. पण आज आपल्याला मत नाही. शिवाय उमेदवार सदस्य राष्ट्राचाच नागरिक लागतो, म्हणून भारतीय माणूस तिथे न्यायाधीश होऊच शकत नाही. शेजारच्या बौद्धबहुल म्यानमारमधून हाकललेल्या रोहिंग्यांवरील अत्याचारांची चौकशी याच न्यायालयात सुरू आहे. बुद्धाची करुणा सांगणाऱ्या आपण तिच्याकडे पाठ फिरवता कामा नये.

समजा, उद्या भारत सदस्य झाला. मग उमेदवार कोण ठरवणार? करारातला एक मार्ग असा की देशातील सर्वोच्च न्यायपदासाठी जी पद्धत, तीच वापरायची. म्हणजे आपल्याकडे कॉलेजियम! तिथे सामाजिक प्रतिनिधित्वाचा बंधनकारक नियम नाही. २०२५ मध्ये न्या. भूषण गवई पहिले बौद्ध सरन्यायाधीश झाले, याचा आपल्याला अभिमान आहे. पण एक माणूस पोहोचला म्हणजे वाट सगळ्यांसाठी खुली झाली, असे नाही.

२४ मे १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी दोन्ही टोके नाकारली होती. नेमणुका केवळ सरकारच्या मर्जीवर नकोत आणि सरन्यायाधीशांच्या संमतीवरही अडकायला नकोत, कारण सरन्यायाधीशही शेवटी माणूसच.

म्हणून कायदा शिकणाऱ्या आपल्या तरुणांनी कलम ३६ वाचावे आणि दोन मागण्या एकत्र लावून धराव्यात: रोम करारावर संसदेत खुली चर्चा व्हावी, आणि हेगमध्ये जे प्रतिनिधित्व लेखी आहे ते दिल्लीतही लेखी व्हावे.