निनावी लिहा, पण तिचं नाव कशाला?

आमच्या तालुक्याच्या कॉलेजचं इन्स्टाग्रामवर 'कन्फेशन' पेज आहे. गूगल फॉर्म भरायचा, नाव द्यायचं नाही, अॅडमिन छापतो. मेसची आमटी पातळ, सर तासाला येत नाहीत, असल्या तक्रारी पोरं तिथे करतात. करू देत की! नाव लावून बोललं तर इंटर्नलचे मार्क कुणाच्या हातात असतात?

पण महिनाभर तिथे मुलींची नावं येतायत. कोण कुणाबरोबर स्टँडवर दिसली, वर्ग आणि गावासकट. याला मन मोकळं करणं म्हणत नाहीत. लिहिणारा झाकलेला, आणि जिच्यावर लिहिलं ती उघडी. खेड्यात अशा एका ओळीनंतर पोरीचा पुढच्या महिन्याचा एसटी पास काढला जात नाही. संपलं शिक्षण.

'पेज बंद करा, केस टाका' म्हणणाऱ्यांनो, २०१२ चं पालघर आठवा. बंदवर फेसबुक पोस्ट लिहिली म्हणून एक मुलगी आणि ती लाइक केली म्हणून दुसरी, दोघींना अटक झाली. ते कलम ६६अ सुप्रीम कोर्टाने २०१५ मध्ये रद्द केलं. त्यातले शब्दच इतके मोघम होते की कसेही वाकवावेत. पेज पोलिसांच्या हाती दिलंत तर पहिली उडेल ती मेसची तक्रार.

तेव्हा अॅडमिनराव, बटण तुम्हीच दाबता. मेस, फी, शिकवणं यावर हवं तितकं कडक छापा. पोरीचं नाव, वर्ग, गाव, ओढणीचा रंगसुद्धा काटा. आणि जुन्या पोस्ट आज रात्रीच उडवा.