इन्सुलिनच्या खोलीतले भांडण

जानेवारी १९२२. टोरांटो विद्यापीठ. जीवरसायनशास्त्रज्ञ जेम्स कॉलिप एका संध्याकाळी फ्रेडरिक बँटिंग आणि चार्ल्स बेस्ट यांच्या खोलीत आले. स्वादुपिंडाचा अर्क शुद्ध करण्याची रीत मला सापडली आहे, पण ती मी तुम्हाला सांगणार नाही, असे त्यांनी सुनावले. बँटिंगनी त्यांच्या कोटाला धरून त्यांना खुर्चीत आदळले. बेस्टनी मध्ये पडून आवरले म्हणून प्रकरण तेवढ्यावर थांबले. बँटिंग आणि बेस्ट यांनी पुढे लिहून ठेवलेल्या आठवणींतून हा प्रसंग आपल्यापर्यंत आला आहे. कॉलिप यांची बाजू अर्थातच वेगळी असू शकते.

ज्या अर्कावरून ही झटापट झाली, तो म्हणजे इन्सुलिन. आज आपल्या घराघरांतल्या फ्रीजच्या दारात ज्याचे पेन असते, तेच.

शास्त्रज्ञांची भांडणे आपण स्वभावावर ढकलतो. मोठा माणूस, विक्षिप्त असणारच! मला हे पटत नाही. टोरांटोतले भांडण स्वभावापेक्षा न झालेल्या बोलण्यांतून वाढले.

बँटिंग हे शस्त्रवैद्य, संशोधनाचा अनुभव जवळपास शून्य. कल्पना मात्र त्यांची. प्राध्यापक मॅक्लाउड हे शर्करेच्या चयापचयातले जाणकार. १९२१ च्या उन्हाळ्यात त्यांनी बँटिंगना प्रयोगशाळा, प्रयोगासाठी कुत्री आणि मदतीला बेस्ट हा विद्यार्थी दिला आणि ते स्कॉटलंडला गेले. परतल्यावर बँटिंगनी मागण्या पुढे केल्या: पगार, स्वतंत्र खोली, कुत्र्यांची देखभाल करायला माणूस, शस्त्रक्रियेच्या खोलीतल्या जमिनीची दुरुस्ती. मॅक्लाउडना इतरांच्या संशोधनाची काळजी होती. बँटिंगनी सोडून जाण्याची धमकी दिली. अखेर मॅक्लाउड बरेच काही द्यायला तयार झाले, पण मनातली अढी गेली नाही. मागणी जमिनीच्या दुरुस्तीची दिसत असली, तरी ‘माझे काम माझेच मानले जाईल का’ ही धास्ती तिच्या तळाशी होती, असे मला वाटते. ते ना बँटिंग बोलले, ना मॅक्लाउडनी विचारले. वाटाघाटीत माणूस काय मागतो हे सगळ्यांनाच ऐकू येते. तो ते का मागतो आहे, हे मात्र विचारावे लागते.

मग डिसेंबरच्या अखेरीस न्यू हेवनमधली परिषद. बँटिंग घाबरले, त्यांचे भाषण पडले. अध्यक्षस्थानी असलेल्या मॅक्लाउडनी श्रोत्यांच्या प्रश्नांना उत्तरे देताना ‘आम्ही’ म्हटले. मॅक्लाउडच्या दृष्टीने ती मदत होती, बँटिंगना ती चोरी वाटली. मराठीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ असे दोन शब्द आहेत, इंग्रजीत तेवढीही सोय नाही. अर्थात, दोन शब्द असूनही आपल्या प्रयोगशाळांत याहून वेगळे काही घडत नाही.

याची किंमत कोणाला मोजावी लागली? ११ जानेवारीला टोरांटोच्या रुग्णालयात लिओनार्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलाला बँटिंग-बेस्ट यांचा अर्क टोचण्यात आला. तो पुरेसा शुद्ध नव्हता. फारसा उपयोग झाला नाही, उलट टोचल्या जागी गळू झाले. कॉलिप यांच्या आधी आपला अर्क वापरला जावा, ही ईर्ष्या या घाईमागे होती, असे इतिहासकार मायकेल ब्लिस यांचे मत आहे. २३ जानेवारीपासून कॉलिप यांचा अर्क दिला गेला आणि पोरगा सावरला.

याच सुमारास ती झटापट झाली. त्यानंतर जे घडले ते फारसे सांगितले जात नाही. २५ जानेवारीला बँटिंग, बेस्ट, कॉलिप आणि मॅक्लाउड यांचा विद्यापीठाच्या कॅनॉट प्रयोगशाळेशी लेखी करार झाला. कोणीही एकट्याने पेटंट घ्यायचे नाही, एकट्याने कंपनीशी हातमिळवणी करायची नाही, धोरण बदलायचे तर आधी सगळ्यांनी बसून बोलायचे. एकमेकांचे तोंड पाहायला नाखूश असलेली ही माणसे या कागदामुळे कामावर टिकली. वर्षभराने पेटंट विद्यापीठाला अवघ्या एकेक डॉलरला दिले गेले.

श्रेय कोणाचे, यावर मात्र करारात काही नव्हते आणि तेच आयुष्यभर सलत राहिले. १९२२ च्या सप्टेंबरमध्ये विद्यापीठाच्या नियामक मंडळातले कर्नल गुडरहॅम यांनी बँटिंग, बेस्ट आणि मॅक्लाउड यांना शोधाची हकिकत आपापल्या बाजूने लिहून द्यायला सांगितले. कल्पना उत्तम, पण दीड वर्ष उशिरा. १९२३ चे नोबेल बँटिंग आणि मॅक्लाउड यांना जाहीर झाले तेव्हा बँटिंग इतके संतापले, की पुरस्कार नाकारायला निघाले. गुडरहॅमनीच त्यांची समजूत काढली. बँटिंगनी आपली अर्धी रक्कम बेस्टना दिली, मॅक्लाउडनी कॉलिपना. १९२८ मध्ये मॅक्लाउड टोरांटो सोडून ॲबर्डीनला गेले. मजा अशी, की जे हातघाईवर आले होते त्या बँटिंग आणि कॉलिप यांचे पुढे छान जमले. ज्यांच्यात श्रेयाचा प्रश्न होता, त्यांचे नाही.

हे सगळे आज सांगण्याचे कारण आपल्याकडच्या प्रयोगशाळा. पीएचडी करणाऱ्या मुलांशी अर्धा तास बोला, शोधनिबंधावर नाव कोणाचे आणि कितवे, हा विषय निघतोच. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीचे निकष स्पष्ट आहेत: केवळ निधी आणला किंवा वरवर देखरेख केली म्हणून कोणी लेखक होत नाही. यूजीसीने २०१९ च्या अखेरीस पीएचडीसाठी संशोधन व प्रकाशन नीतीचा दोन श्रेयांकांचा अभ्यासक्रम सक्तीचा केला, त्यात लेखकत्वाचा विषय येतो. पण नियम माहीत असणे वेगळे आणि ज्यांच्या सहीवाचून प्रबंध पुढे सरकत नाही त्या सरांसमोर बसून ‘माझे नाव कुठे येईल?’ असे विचारणे वेगळे. हे विचारायला कोणी शिकवत नाही.

शिकवले तरी सगळे ओझे विद्यार्थ्याच्या खांद्यावर टाकणे अन्यायाचे आहे. बोलणे गाइडने काढले पाहिजे आणि ते प्रयोग सुरू होण्याआधी: कोण काय करणार, नावांचा क्रम कसा ठरणार, मध्येच कोणी सोडून गेले तर काय. काम बदलले की ते पुन्हा बोलायचे. आणि प्रत्येक संस्थेत असा एक ज्येष्ठ माणूस हवा, जो कोणाचाच गाइड नाही, ज्याच्याकडे तक्रार न नोंदवताही जाता येते. विभागप्रमुख ही भूमिका करू शकत नाही. बहुतेकदा तोच भांडणातला एक पक्ष असतो.

ओळखीतली एक मुलगी गेल्या वर्षी याच चिंतेत होती. थेट विचारायची हिंमत होत नव्हती. तिला म्हटले, भांडू नकोस, पुढच्या मीटिंगनंतर एक ईमेल पाठव: ‘सर, आज आपले असे ठरले असे मला समजले. काही चुकले असेल तर कृपया सांगा.’ खाली तीन ओळींत कामाची वाटणी आणि नावांचा क्रम. तिने दोन दिवस ईमेल लिहून ठेवला, मग पाठवला. सरांचे उत्तर रात्री अकराला आले: ‘ओके. फक्त दुसऱ्या ओळीवर सोमवारी बोलू.’