खतावणीचे शेवटचे पान



तेल्हाऱ्यासारख्या कापसाच्या बाजारगावात अडतीचे हिशेब, लग्नाचे चित्रण आणि आजोबांची जुनी छायाचित्रे आता बहुधा एकाच ठिकाणी विसावतात. ते म्हणजे संगणकाची हार्ड डिस्क. ती भरली की अकोल्याहून चार टेराबाइटची नवी डिस्क येते आणि दुकानातील जुन्या संगणकाला जोडली जाते. येथेच सावध असावे. डिस्क कितीही मोठी असली, तरी जुन्या यंत्राला ठरावीक आकड्यापर्यंतच मोजता येते.

खतावणीचा दृष्टान्त घेऊ. अनुक्रमणिकेत पृष्ठांकासाठी तीनच घरे आखली, तर ९९९ नंतरची पाने वहीत असूनही सापडणार नाहीत. डिस्कवरील माहितीही बहुधा ५१२ बाइटच्या खान्यांत मोजली जाते व प्रत्येक खान्याला क्रमांक असतो. एमबीआर या जुन्या मांडणीत त्या क्रमांकासाठी ३२ बिट आहेत. त्यांतून सुमारे ४२९ कोटी खाने, म्हणजे २.२ टेराबाइट एवढेच मोजता येतात. त्याआधी २८ बिटांमुळे १३७ गिगाबाइटची सीमा होती. विंडोज एक्सपीने ती २००२ मधील पहिल्या सर्व्हिस पॅकने ओलांडली.

जागा वाया जाणे हे लहान नुकसान. जुन्या यूएसबी केसिंगमध्ये तीन टेराबाइटची डिस्क कधी केवळ ७४६ गिगाबाइटची दिसते, कारण मोजणी सीमेवर संपून पुन्हा शून्यापासून सुरू होते. अशा वेळी हजारावे पान लिहू पाहणारा मुनीम पहिल्याच पानावर लिहू लागतो. जुनी नोंद पुसली जाते आणि यंत्र सूचना देईलच असे नाही.

यावर उपाय जीपीटी मांडणीचा. तीत क्रमांकासाठी ६४ बिट असतात. विंडोज व्हिस्टा व त्यापुढील आवृत्त्या ती वाचतात. ३२ बिटांची एक्सपी वाचत नाही. अशा डिस्कवरून विंडोज सुरू करायची, तर मदरबोर्ड युईएफआयचा हवा. तो नसल्यास जुनी लहान डिस्क संगणक सुरू करण्यासाठी ठेवावी व मोठी केवळ साठवणीसाठी वापरावी. मांडणी मात्र डिस्क रिकामी असतानाच निवडावी. विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमधून ती नंतर बदलायची, तर डिस्क आधी रिकामी करावी लागते.

चार टेराबाइटऐवजी ३.६ दिसले, तर घाबरू नये. उत्पादक हजाराच्या पटीत मोजतात, विंडोज १०२४ च्या. मात्र केसिंग बदलल्यावर भरलेली डिस्क कोरी भासली आणि संगणकाने ‘फॉरमॅट करायचे का?’ असे विचारले, तर होकार देऊ नये. डिस्क मूळ केसिंगमध्ये परत बसवून पाहावी.

नवी डिस्क भरत असताना जुनी पुसू नये. दोन टेराबाइटचा टप्पा ओलांडल्यावर सर्वांत आधी साठवलेली छायाचित्रे पुन्हा उघडून पाहावीत. घाला पडतो तो पहिल्या पानांवरच.