‘ई-लर्निंग’मधून शिकवणारा कुठे गेला?

१/ शब्दांचा इतिहास वाचायचा तर संस्थांच्या पाट्या वाचाव्यात. दिल्ली विद्यापीठाने १९६२ मध्ये पत्रद्वारा अभ्यासक्रमांची शाखा काढली. छापील धडे टपालाने घरी येत. २००४ मध्ये हीच संस्था ‘स्कूल ऑफ ओपन लर्निंग’ झाली. नव्या पाटीवरचे ‘ओपन’ चटकन डोळ्यांत भरते. माझ्या मते खरा बदल ‘लर्निंग’मध्ये आहे.

२/ तो समजण्यासाठी थोडे मागे, अमेरिकेत जाऊ. इलिनॉय विद्यापीठात १९६० मध्ये डोनाल्ड बिट्झर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘प्लेटो’ ही संगणकप्रणाली उभी केली. नाव तत्त्ववेत्त्याचे, परंतु ते लघुरूप होते आणि त्यातील ‘टी’ म्हणजे ‘टीचिंग’. या क्षेत्राला पुढे ‘कॉम्प्युटर असिस्टेड इन्स्ट्रक्शन’ म्हणू लागले. शिकवायचे यंत्राने. जमले नाही, तर दोष यंत्राचा किंवा धडा रचणाऱ्याचा.

३/ उद्योगजगताचा शब्द निराळा: ‘ट्रेनिंग’. सीडीवरून कर्मचाऱ्याला प्रशिक्षण द्यायचे, प्रवासाचा आणि वर्गाचा खर्च वाचवायचा. १९९०च्या दशकाच्या अखेरीस इंटरनेट पसरले आणि ‘ई-मेल’, ‘ई-कॉमर्स’ यांच्या पंगतीत ‘ई-लर्निंग’ येऊन बसले. या शब्दाने बाळसे धरले ते प्रामुख्याने कंपन्यांच्या प्रशिक्षण विभागांत.

४/ मराठीत हे स्थित्यंतर दिसतच नाही. ‘शिकणे’ आणि ‘शिकवणे’ यांत एका ‘व’चे अंतर; ‘शिक्षण’ या नामात तर दोन्ही विरघळतात. ‘ई-लर्निंग’चे आपण ‘ई-शिक्षण’ केले आणि शिकवणारा त्यात आहेच, असे गृहीत धरले. काटेकोर प्रतिशब्द ‘ई-अध्ययन’ असा होईल. अध्ययनाची जबाबदारी विद्यार्थ्याची असते!

५/ विद्यार्थी केंद्रस्थानी आला तर बिघडले काय, असे कोणी विचारील. काहीच नाही. हॅरॉल्ड विल्सन यांनी १९६३ मध्ये ‘युनिव्हर्सिटी ऑफ द एअर’ची कल्पना मांडली, १९६९ मध्ये ब्रिटनमध्ये ती ‘ओपन युनिव्हर्सिटी’ या नावाने साकारली. प्रवेशाला पूर्वपरीक्षेची अट नव्हती, पण स्वाध्याय तपासून अभिप्राय देणारा शिक्षक नेमलेला असे. दार मुक्त होते. शिक्षकाला त्या दारातून बाहेर काढलेले नव्हते.

६/ आता २०२०. त्या वर्षीच्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या विनियमांत ‘मुक्त व दूरस्थ’ आणि ‘ऑनलाइन’ या दोन वेगळ्या पद्धती आहेत. शाळांच्या बाबतीत मात्र रोजच्या बोलण्यात थेट वर्ग, सह्याद्री वाहिनीवरचा पाठ आणि व्हॉट्सॲपवर आलेला स्वाध्यायाचा फोटो, सारे एकाच ‘ऑनलाइन’मध्ये कोंबले गेले. घरातल्या एकुलत्या एका फोनवर संध्याकाळी तो फोटो पाहणारे मूल वस्तुतः पत्रद्वारा शिक्षण घेत होते. त्याला १९६२चेच नाव दिले असते, तर पालकांनी पुढचा प्रश्न लगेच केला असता: सोडवलेला स्वाध्याय तपासून परत कोण पाठवणार?