मातीतील सुवर्णकार

कयाधूच्या काठावरील नरसी हे परंपरेने संत नामदेवांचे जन्मगाव. पोळी पळवणाऱ्या श्वानामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव आपण बालपणापासून ऐकत आलो. प्रत्येक जीवाची दखल घेणारी ती दृष्टी आज विज्ञानालाही हवी आहे. कारण डोळ्यांना न दिसणारे मातीतील जीव धातूंचे निष्णात कारागीर असल्याचे सिद्ध झाले आहे.

एका मीटरचा अब्जावा भाग म्हणजे नॅनोमीटर. विरघळलेल्या चांदीच्या क्षारावर काही सूक्ष्मजीवांची विकरे प्रक्रिया करतात आणि काही नॅनोमीटर आकाराचे शुद्ध धातुकण घडवतात. रासायनिक पद्धतीत अनेकदा लागणारी घातक द्रव्ये वा प्रखर उष्णता येथे लागत नाही. चांदीच्या खाणीतील जिवाणू आपल्या पेशीत रौप्यस्फटिक साठवतो, हे १९९९मध्ये स्वीडनच्या संशोधकांनी दाखवले. २००१मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. मुरली शास्त्री आणि सहकाऱ्यांनी बुरशीकडून चांदीचे असेच कण मिळवले. २००२मध्ये मद्रासच्या आयआयटीतील संशोधकांनी हे काम चक्क ताकातील जिवाणूंकडून करून घेतले!

यावर ‘आमच्या सुवर्णभस्मात हे सारे होतेच’ असे म्हणून स्वस्थ बसण्याचा मोह होतो. रसशास्त्राची परंपरा निःसंशय गौरवास्पद आहे. परंतु प्रयोगाची जोड नसलेला अभिमान ही केवळ गुंगी होय.

हिंगोली जिल्ह्याला याचा धडा हळदीने दिला आहे. वसमतची हळद देशभर जाते. जखमेवर हळद लावणे ही जणू नवी युक्ती आहे, असे मानून १९९५मध्ये अमेरिकेत तिचे पेटंट दिले गेले. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने त्याला आव्हान दिले आणि १९९७मध्ये ते रद्द झाले. हा विजय घोषणांनी नव्हे, जुन्या ग्रंथांतील लेखी पुराव्यांनी मिळाला.

हळदीला आजीबाईच्या बटव्याची साक्ष होती. तिच्याच मुळाशी नांदणाऱ्या जिवाणूंची साक्ष कोण देणार? २००२च्या जैवविविधता कायद्याने स्थानिक समित्यांवर सोपवलेल्या कार्यात सूक्ष्मजीवांचाही स्पष्ट समावेश आहे. पण गावाच्या नोंदवहीत वृक्ष आणि पक्षी येतात, तेथे सूक्ष्मजीवांसाठी पान कोण राखतो?

म्हणून नरसीने आरंभ करावा. जिल्ह्यातील विज्ञान महाविद्यालयांनी आणि परभणीच्या कृषी विद्यापीठाने नदीकाठची व हळदीच्या रानातील माती तपासावी, जिवाणू वेगळे करून जतन करावेत, त्यांची नोंद ग्रामपंचायतीच्या दप्तरी करावी. विद्यार्थ्यांना प्रबंधासाठी याहून सार्थ विषय कोणता?

स्वदेशी म्हणजे केवळ परकीय वस्तूंचा त्याग नव्हे. आपल्या पायाखालच्या धनाची ओळख हेही स्वदेशीच. हे काम आपण केले नाही, तर उद्या कोणी आपल्याच मातीतले जिवाणू नेऊन त्यांच्या कारागिरीचे मोल आपल्याकडूनच वसूल करील.