वावरासाठी डीएसएलआर नको, चिखलात पडला तरी चालेल असा कॅमेरा घ्या



गटासाठी कॅमेरा घ्यायचं ठरल्यापासून आपल्या ग्रुपवर दुसरा विषयच नाही. दहातले आठ जण म्हणतात, डीएसएलआर घ्या. "भाऊ, घ्याचाच आहे तं मोठा घेऊ. फोटो पायल्यावर लोकं म्हनले पायजे, काय कॅमेरा आहे!" माझं मत याच्या अगदी उलट आहे. बैठकीत बोललो तर दोन मिनिटांत विषय चहावर जातो, म्हणून इथं लिहितो. पोस्ट लांब आहे, डवरणीतून सवड मिळेल तेव्हा वाचा, पण पैसे भरायच्या आधी वाचा.

बैल घेताना आपण जमीन कशी आहे ते पाहतो, नुसती शिंगं पाहून दावं हातात घेत नाही. कॅमेऱ्याचंही तसंच. गटाला कॅमेरा कशाला पाहिजे? लग्नाला नाही, वाढदिवसाला नाही. ई-पीक पाहणीलाही नाही, तो फोटो मोबाईलच्या अ‍ॅपमधूनच जातो, तिथं यातला एकही कॅमेरा कामाचा नाही. आपल्याला कॅमेरा पाहिजे तो पिकावर काय पडलंय हे ओळखायला, आणि ज्याला कळतं त्याच्यापर्यंत ते जसंच्या तसं पोहोचवायला. बस.

हे काम किरकोळ वाटतं, पण आपला खर्च इथंच ठरतो. सोयाबीनचं पान पिवळं पडलं की आपण काय करतो? पान तोडतो, खिशात घालतो आणि कृषी केंद्र गाठतो. पोहोचेपर्यंत पानाची घडी झालेली असते. काउंटरवरचा माणूस ते उलगडून पाहतो आणि दोन बाटल्या समोर ठेवतो. आता पिवळेपणा किती जातीचा असतो बघा. पिवळा मोझॅक असेल तर तो विषाणू, पांढरी माशी त्याला पसरवते, त्याच्यावर बुरशीनाशक मारून काहीच होत नाही. चुनखडीच्या जमिनीत लोह कमी पडलं असेल तर नवी पानं पिवळी होतात पण शिरा हिरव्या राहतात, तिथं फेरस सल्फेटची फवारणी लागते. आणि वावरात पाणी साचून मुळं गुदमरली असतील तर बाटली नको, चर काढायला फावडं पाहिजे. २०२३ च्या खरिपात विदर्भात मोझॅकनं सोयाबीन पिवळं पडलं, तेव्हा किती जणांनी विषाणूवर बुरशीनाशक मारलं हे ज्याचं त्याला ठाऊक.

अळीचंही तेच. घाटेअळीचा विषाणू, म्हणजे एचएएनपीव्ही, फक्त घाटेअळीला मारतो. तंबाखूवरची पानं खाणारी अळी म्हणजे स्पोडोप्टेरा, तिला एसएलएनपीव्ही लागतो. अळी ओळखण्यात फरक पडला की जैविक औषधाचे पैसे पाण्यात, आणि मग माणूस चिडून जहाल रसायनाकडं वळतो. मक्यावरच्या लष्करी अळीचं उदाहरण सगळ्यांना माहीत आहे. २०१८ मध्ये ती भारतात पहिल्यांदा कर्नाटकात सापडली, आणि तेव्हापासून तिची ओळख सांगतात ती डोक्यावरचा उलटा वाय आणि शेपटीकडच्या भागावर चौकोनात बसलेले चार ठिपके. हे चार ठिपके फोटोत दिसले तर निदान, नाही दिसले तर अंदाज.

अंदाजानं फवारलं की फवारण्या वाढतात, आणि पंप पाठीवर घेणारा माणूस आपल्यातलाच असतो. २०१७ मध्ये शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी आणि शेतमजूर दगावले. त्याला कारणं बरीच होती, सगळं खापर निदानावर फोडत नाही. पण जी फवारणी करायचीच नव्हती ती टळली तर तेवढा धोका टळतो, एवढं तर मान्य कराल?

आता कॅमेऱ्याकडं येतो.

डीएसएलआरवाले म्हणतात सेन्सर मोठा, २४ मेगापिक्सेल, फोटो झकास. खरं आहे. कॅननचा ईओएस १५००डी घ्या, त्याचा सेन्सर साधारण २२ मिलिमीटर रुंद, आणि मजबूत छोट्या कॅमेऱ्यांमधल्या ऑलिम्पस टीजी-६ चा सहा मिलिमीटरच्या आसपास. कागदावर सामना तिथंच संपतो. पण डीएसएलआरसोबत जी १८-५५ ची लेन्स येते ती जवळात जवळ २५ सेंटिमीटरवर फोकस करते, आणि कितीही जवळ गेलात तरी फोटोच्या रुंदीत साधारण ६५ मिलिमीटरचा भाग येतो. म्हणजे अडीच इंच. कपाशीवरचा फुलकिडा केवढा? एक मिलिमीटर. सहा हजार पिक्सेल रुंदीच्या फोटोत त्याच्या वाट्याला नव्वदेक पिक्सेल येतात. टीजी-६ किंवा २०२३ मध्ये आलेला टीजी-७ लेन्सपासून एक सेंटिमीटरवर फोकस करतो आणि मायक्रोस्कोप मोडमध्ये पूर्ण झूमवर एक सेंटिमीटरपेक्षाही कमी रुंदीचा भाग फोटोभर येतो. मेगापिक्सेल फक्त १२, तरी त्याच फुलकिड्याला चारशेच्या वर पिक्सेल मिळतात. चौपटीहून जास्त. विद्यापीठातल्या कीटकशास्त्रज्ञाला पाठवाल तर त्याला नव्वद पिक्सेलचा ठिपका पाठवायचा की चारशे पिक्सेलचा किडा?

दुसरी गोष्ट, छोट्या सेन्सरला आपण हिणवतो, पण जवळून फोटो काढताना तोच उपयोगी पडतो. त्याच छिद्राला त्याच्या फोटोत पुढून मागपर्यंत जास्त भाग स्पष्ट येतो. मोठ्या सेन्सरवर अळीचं डोकं स्पष्ट येतं आणि शेपटीकडचे ठिपके धूसर होतात. लग्नाच्या फोटोत नवरीच्या मागचा मांडव धूसर झाला तर छान दिसतो, अळीची शेपटी धूसर झाली तर फोटो फेकून द्यायचा. शिवाय टीजीमध्ये वेगवेगळ्या फोकसचे फोटो कॅमेराच एकत्र करून देतो, संगणक लागत नाही.

जाणकार म्हणतील, डीएसएलआरला मॅक्रो लेन्स लावा ना. लावा. पण मग लेन्सचे पैसे वेगळे, आणि बजेट कॅमेऱ्याच्या पेटीवरच संपलंय. एक्स्टेन्शन ट्यूब स्वस्त मिळते, २५ मिलिमीटरची ट्यूब किट लेन्सला लावली की ५५ वर मोठेपणा दुपटीच्या पुढं जातो, हेही खरं. फक्त ती लावायला वावरात लेन्स काढावी लागते. मळणीचा भुसा उडत असताना, हळद शिजवायच्या धुरात, किंवा जुलैच्या भुरभुर पावसात उघडा सेन्सर धरून उभं राहून दाखवा, मग बोलू.

पावसाचा मुद्दा मी मुद्दाम मागं ठेवला, कारण माझ्या मते तिथं वादच उरत नाही. आपली कीड कधी येते? उन्हाळ्यात कोरड्या हवेत येते का? खोडमाशी, चक्रीभुंगा, उंटअळी, पांढरी माशी, सगळा कारभार जुलै ते सप्टेंबर. त्या दिवसांत पानावर पाणी, हातावर चिखल, डोक्यावर घोंगतं. कमी किमतीच्या डीएसएलआरला पाण्यापासून संरक्षण देणारं सील नसतं. त्याला पिशवीत घालून न्यायचं, पाऊस थांबायची वाट पाहायची, काढायचा, पुसायचा. आणि दमट हवेत कपाटात ठेवून दिला तर लेन्सच्या काचेवर बुरशी धरते ती वेगळीच. टीजीच्या जातीचा कॅमेरा पाण्यात १५ मीटरपर्यंत चालतो, २.१ मीटरवरून पडणं सोसतो, १०० किलोचा दाब सहन करतो, धूळ आत जात नाही, असं कंपनी सांगते. आपल्याला विहिरीत बुडवून फोटो काढायचे नाहीत. काम झाल्यावर मोटारीच्या पाण्याखाली धरून चिखल धुता आला म्हणजे झालं. माझ्याकडं या जातीचा कॅमेरा तीन खरीप झाले वावरात आहे आणि मी तो असाच धुतो. झाकणाच्या रबरी सीलवर मातीचा एक कण राहू द्यायचा नाही आणि कुलूप दोन्ही लागलं का ते पाहायचं, एवढंच पथ्य.

"मग मोबाईल काय वाईट?" हा प्रश्न खाली येणारच, म्हणून आत्ताच. मोबाईल वाईट नाही. झाडाचा, तासाचा, वावराचा फोटो मोबाईलनंच काढा, जागेची नोंदही त्यात येते. पण स्वस्त मोबाईलमधला तो दोन मेगापिक्सेलचा मॅक्रो नावालाच असतो, ओल्या बोटाला स्क्रीन दाद देत नाही, आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे फवारलेल्या वावरात ज्या हातानं पानं चाळली त्याच हातानं आपण मोबाईल धरतो आणि मग तोच गालाला लावतो. रात्री तोच पोरगं हातात घेतं. वावराचा कॅमेरा वावरात राहतो आणि धुता येतो.

आता खरं बोलतो, कारण माझा मुख्य आक्षेप पिक्सेलचा नाहीच.

वावरात कीड पहिल्यांदा कोणाला दिसते? मालकाला? कृषी सहायकाला? निंदणाऱ्या बायांना दिसते. त्या तासातासानं, बसून, झाडाच्या बुडापाशी असतात. आपण धुऱ्यावरून चक्कर मारतो आणि "पीक मस्त आहे" म्हणतो. गेल्या खरिपात सोयाबीनमध्ये एका काकूंनी हाक मारली, "भाऊ, पाहा बरं, ह्या झाडाच्या दांडीले आंगठी घातल्यावानी झालं." चक्रीभुंगा. एकमेकांपासून सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरवर दोन चक्रं, वरचं पान मान टाकलेलं. मी पोहोचेपर्यंत काकूंनी चिखलाच्या हातानं दोन्ही चक्रांचा फोटो काढून ठेवला होता. बटण दाबायचं शिकवायला मला पाच मिनिटंही लागली नव्हती.

हाच कॅमेरा डीएसएलआर असता तर? खरं सांगा, कोणी त्यांच्या हातात दिला असता का? "पडेल, हात नको लावू, महाग आहे." हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलंय, म्हटलंय. मोठा कॅमेरा आला की तो अध्यक्षाच्या घरी, कपाटात, त्याच्या चावीत. मग तो निघतो कधी? साहेबांचा दौरा असला, शेतीदिन असला, सत्काराचा हार घालायचा असला की. असे गट मी पाहिलेत, नावं घेत नाही. कॅमेऱ्यात हारांचे दोनशे फोटो आणि अळीचा एकही नाही.

२००८ च्या खरिपात विदर्भ-मराठवाड्यात पानं खाणाऱ्या अळ्यांनी सोयाबीन चाळणी केलं. त्यानंतर कृषी विभागानं २००९-१० पासून क्रॉपसॅप सुरू केलं, ठरावीक दिवशी प्लॉटमध्ये जाऊन अळ्या मोजायच्या आणि त्यावरून सल्ला द्यायचा. पद्धत चांगली, पण सर्वेक्षकाच्या नजरेत येणारे प्लॉट मोजके असतात. बाकीच्या वावरांत नजर आपल्यालाच ठेवायची आहे, रोज, पावसातही. तिथं कपाटातला कॅमेरा काय कामाचा?

डीएसएलआरची बाजू अगदीच पडती नाही. कारंजा-सोहोळ अभयारण्यातली काळवीटं लांबून टिपायची तर तोच, टेलिफोटो लेन्स लावून. टीजीचा झूम फक्त चारपट, तिथं तो हात टेकतो. अंधार पडल्यावरही छोट्या सेन्सरचा फोटो दाणेदार होतो. एक सेंटिमीटरवर गेलं की कॅमेऱ्याचीच सावली किड्यावर पडते, त्यासाठी लेन्सभोवती लावायचं प्लास्टिकचं प्रकाश-कडं मिळतं, कॅमेऱ्याचाच दिवा ते गोल फिरवतं, ते घ्यायला विसरू नका. आणि तुरीच्या वांझ रोगाचा कोळी ०.२ मिलिमीटरचा, तो या दोन्ही कॅमेऱ्यांत ठिपक्यापलीकडं फारसा दिसणार नाही. तिथं फांदी घेऊन करड्याचं कृषी विज्ञान केंद्र किंवा अकोल्याचं विद्यापीठ गाठायचं.

ज्यांच्या घरी आधीच डीएसएलआर पडून आहे त्यांनी नवीन काही घेऊ नका, ट्यूब घ्या, घरूनच लावून न्या आणि पाऊस नसलेल्या सकाळी वापरा. कोणताही कॅमेरा असो, पिवळ्या पानाचा फोटो काढताना व्हाइट बॅलन्स ऑटोवर ठेवू नका. ढगाळ असेल तर ढगाळ, ऊन असेल तर ऊन, असं स्वतः ठरवा. ऑटोवर कॅमेरा पिवळेपणा स्वतःच्या मनानं कमी-जास्त करतो आणि तिकडं बसलेला माणूस फसतो. किड्याशेजारी मोजपट्टी धरा. पानाची खालची बाजू, वरची बाजू, पूर्ण झाड, पूर्ण तास, असे चार फोटो पाठवा. फुलाशेजारी सेल्फी पाठवू नका, हात जोडतो.

स्वस्त-महागाची ढाल कोणी पुढं करू नये. पुढच्या बैठकीला ज्यांना डीएसएलआरच पाहिजे त्यांनी कोणाचा तरी मागून आणा. मी माझा आणतो आणि कपाशीचं फुलकिड्यांनी भरलेलं एक पान आणतो. एक बादली पाणीही ठेवू.